पानं फुटायच्या आधी

मांदा देवचिचनं आपल्या कुरणाच्या कडेची पाटी उपटली तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि सगळं लिपोव दोल गाव जागं होतं. लपूनछपून काही करायचा तिचा स्वभावच नव्हता. पाटी लाल, तिच्यावर पांढरी कवटी, खाली ‘सुरुंग! आत जाऊ नका’. दहा वर्षं ती पाटी रस्त्याकडे दात विचकत उभी होती. मांदानं ती हलवून हलवून सैल केली, एकचाकी गाडीत आडवी टाकली आणि दुकानासमोरून, चर्चसमोरून ढकलत वर रानाच्या तोंडाशी नेली. तिथे लाकूडतोडीसाठी नवा रस्ता काढायला घेतला होता. रस्त्याच्या बरोब्बर मधोमध तिनं पाटी रोवली, बुडाशी दगड रचले, घरून आणलेलं स्टूल मांडलं आणि वर जाऊन बसली. मार्च महिना होता. सावलीत अजून बर्फ होतं. तिनं नवऱ्याचा जुना कोट अंगाभोवती घट्ट ओढून घेतला.

अर्ध्या तासानं पंचायतीचा प्रमुख विंको गाडीतून उतरला. हा विंको तिच्या डोळ्यांदेखत वाढलेला, शेंबूड पुसत तिच्या दारात चीज मागायला येणारा. आता त्याला पोट सुटलं होतं आणि गळ्यात टाय आला होता.

“मांदाकाकू, हा गुन्हा आहे. सुरुंगाची पाटी हलवणं म्हणजे तुरुंग!”

“मी हलवली नाही रे. चुकून खाली लागली होती, ती जागेवर आणली.”

“रान स्वच्छ आहे. नकाशा आलाय. हेलिकॉप्टरनं फोटो काढलेत, कॅमेरे लावून. रानात काही नाही म्हणतात.”

“आणि माझ्या कुरणात आहे म्हणतात?”

“तुमच्या कुरणात गाय मेली होती!”

“गाय कुठे मेली ते सगळ्यांना दिसलं. तिचा पाय कुठे उडाला ते मी पाहिलंय.”

विंकोनं कपाळावर हात मारला. एक मेपासून रान तोडायला कंत्राटदार यायचा होता. गावातल्या वीस घरांना काम मिळणार होतं, आणि त्या वीस घरांतली निम्मी माणसं एव्हाना रस्त्यावर जमून मांदाकडे डोळे वटारून पाहत होती. लिपोव दोलमध्ये लढाईनंतर बटाटे आणि पेन्शन सोडून काही पिकत नव्हतं. योसो नावाचा धिप्पाड लाकूडतोड्या पुढे आला.

“काकू, तुला गवत हवंय म्हणून आमची चूल विझवतेस होय?”

“तुझी चूल पेटायला तुझे दोन्ही पाय लागतील, योसो. आत्ता आहेत तुला. मोजून बघ.”

कोणीतरी हसलं. योसो हसला नाही. पण पाटीला हात लावायचं धाडस मात्र कोणाला झालं नाही. स्वच्छ रानातल्या पाटीला काय घाबरायचं, असं मांदानं विचारलं, तेव्हा तर पुढची माणसं दोन पावलं मागेच सरकली.

विंकोनं सुरुंग हटवणाऱ्या केंद्राकडे तक्रार केली. तिसऱ्या दिवशी तिथून एक बाई आली. तिहाना तिचं नाव, पस्तिशीची, पायात चिखलानं भरलेले बूट आणि पाठीवर लॅपटॉप. हेलिकॉप्टरमधून काढलेले फोटो वाचणं हे तिचं काम. मांदा अजून स्टुलावरच होती. रोज सकाळी दूध काढून ती येऊन बसे.

“काकू, पाटी आधी जागेवर नेऊ,” तिहाना म्हणाली. “मग भांडू. पाटीशिवाय कुरण मोकळं ठेवलंत, उद्या एखादा वाटसरू आत शिरला तर?”

हे मात्र मांदाच्या ध्यानात आलं नव्हतं. ती उठली. दोघींनी मिळून पाटी खाली नेली. “पण भांडायचंय हे विसरू नकोस, पोरी,” मांदा म्हणाली, आणि तिला घरात घेऊन गेली. कॉफी उकळली, उकडलेले बटाटे आणि दाताखाली करकरणारं ताजं चीज पुढे ठेवलं आणि गाईची गोष्ट सांगितली.

शारुल्या गाय अठ्ठ्याण्णव सालच्या शरदात रानाच्या कडेला चरत होती. स्फोट झाला तो झाडांमध्ये. मांदा ओढ्यावर कपडे धूत होती, तिनं झाडांतून धूर निघताना पाहिला. गाय तीन पायांवर उतारानं खाली धावत आली आणि कुरणाच्या मधोमध कोसळली. दुसऱ्या दिवशी पोलीस आला. गाय जिथे पडली होती तिथे खूण केली, कागदावर लिहिलं आणि गेला. त्या कागदावरून पाटी लागली. लढाईत माघार घेऊन गेलेल्या सैन्यानं इथला काही नकाशा ठेवला नव्हता, म्हणून तो एक कागदच खरा ठरला. मांदा दहा वर्षं सांगत होती. दहा वर्षं लोक म्हणत होते, बाईला गवत हवंय.

तिहानानं लॅपटॉप उघडला. “हा तुमचा डोंगर. गेल्या जूनमध्ये घेतलेला.”

मांदानं चष्मा लावला. आधी तिला नुसता हिरवा गोधडीचा तुकडा दिसला. मग हळूहळू घराचं छप्पर सापडलं, मग ओढा, मग जुनी पाणचक्की. “अगं बाई, ही माझी शेळ्यांची वाट! आणि ही पुसट रेघ, इथून पूर्वी आम्ही वरच्या वाडीला जायचो. आता तिथून कोणी जात नाही.”

“बरोबर. हेच बघायचं असतं,” तिहाना म्हणाली. “कॅमेऱ्याला सुरुंग दिसत नाही, काकू. जमिनीखालचं काही दिसत नाही. माणसं काय करून गेली ते दिसतं. खंदक, बंदुका रोखून बसायचे मोर्चे, ट्रक वळवायची जागा. जिथे खंदक, तिथे पुढे सुरुंग असायचा संभव. आणि जिथे माणसं रोज नांगरतात, चालतात, तिथे नसायचा.”

“आणि रानात काय दिसलं?”

“काही नाही.”

मांदा फोटोवर वाकली. रानाच्या जागी नुसती बुकवाच्या उंच झाडांची पानं होती, गच्च, कोबीच्या गड्ड्यासारखी. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“जूनमध्ये बुकवाच्या रानात भर दुपारीसुद्धा जमिनीवर ऊन पडत नाही. वरून तुला काय दिसणार? झाडाचं डोकं दिसलं, आणि तुम्ही म्हणालात पाय स्वच्छ आहेत!”

तिच्या अहवालात तिनं ‘खुणा दिसल्या नाहीत’ असं लिहिलं होतं. तिथून कागद चार टेबलांवरून गेला आणि शेवटच्या टेबलावर ‘खुणा नाहीत’ झाला. फरक एका शब्दाचा. तिनं तो छापलेल्या नकाशावर पाहिला होता आणि गप्प बसली होती, कारण हेलिकॉप्टर तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात गेलं होतं आणि पुन्हा मागायचं म्हणजे साहेबांशी वाद. हे तिनं मांदाला सांगितलं. सांगताना तिचे कान लाल झाले.

“मग आता मागून घे,” मांदा म्हणाली. “बुकवाला पान फुटतं एप्रिलच्या शेवटी. त्याआधी ये. झाडं नागडी असताना.”

“साहेब नाही म्हणतील.”

“मला दहा वर्षं नाही म्हणतायत. तू एकदा ऐकून घे, काय मरत नाहीस.”

साहेब नाहीच म्हणाले. तिहानानं लेखी मागितलं, लेखी नाही आलं. तेव्हा तिनं नकाशावरची आपली सही मागे घेत असल्याचं पत्र दिलं, आणि सहीशिवायचा नकाशा कंत्राटदाराच्या विम्याला चालत नव्हता. साहेबांचा नाइलाज झाला. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, एका थंड निरभ्र पहाटे, ऊन डोंगराला लागायच्या जरा आधी, हेलिकॉप्टर लिपोव दोलवर आलं. अगदी खाली, खिडक्यांची तावदानं थरथरत होती. कोंबड्या घरात पळाल्या. मांदा अंगणात कंबरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि ते रानावरून नांगराच्या तासासारखं सरळ जाई, वळे, पुन्हा सरळ येई, ते शेवटच्या फेरीपर्यंत बघत राहिली.

चार दिवसांनी तिहाना आली ती धावतच आली. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या फोटोत रान राखाडी दिसत होतं, आणि त्या राखाडीतून एक फिकी नागमोडी रेघ पाणचक्कीच्या वरपासून कड्यापर्यंत गेली होती. खणलेली जमीन रात्री वेगळी निवते, पहाटे वेगळी दिसते. रेघेवर तीन चौकोनी डाग होते.

“खंदक,” मांदा म्हणाली. तिला कोणी सांगायची गरज पडली नाही.

पंचायतीत मात्र विंकोनं फोटो उलटासुलटा करून पाहिला. “खंदक असेल. कुठल्या लढाईचा कोण जाणे, आमच्या आजोबांच्या काळातलाही असेल. खंदक म्हणजे सुरुंग नव्हे. तुमच्याच नियमात आहे, नुसत्या फोटोवरून काही ठरत नाही, माणसाची साक्ष लागते. त्या खंदकात बसलेला माणूस आणा.” तिहानानं फोटो उचलून घेतला. नियम खरोखरच तसा होता.

जाताना विंकोनं मांदाला दारात थांबवलं. आवाज मऊ केला. “काकू, एक सांगू? तुम्ही हा हट्ट सोडा. मी शब्द टाकतो, तुमचं कुरण या महिन्यातच मोकळं करून देतो. जूनला गवत कापा. माझ्याही डोक्यावर वीस घरं आहेत हो.”

मांदाला त्याची दया आली. पोटापाण्यासाठी तो खरंच धडपडत होता. पण दया आली म्हणून ती नमली नाही.

“विंको, तुझ्या आईनं तुला चांगलं वाढवलं होतं. तिला काय सांगू मी? गवतासाठी योसोचा पाय विकला म्हणून?”

मग ती वरच्या वाडीत गेली. तिथे लढाईत पलीकडच्या बाजूला असलेल्या सर्बांची पंधरा घरं होती, त्यातल्या एका घरात म्हातारी सोका परत येऊन राहिली होती. मांदानं तिला सरळ विचारलं, रानात कोण होतं. सोकानं चुलीत काड्या सारल्या.

“आमच्या वाडीतला गोयको. दोन हिवाळे. आता सीमेपलीकडे आहे, द्र्वारला. करवतींना धार लावतो.”

गोयको मांदाच्या धाकट्या भावाच्या वर्गातला होता. मांदाचा नवरा स्तिपे ब्याण्णव साली त्याच डोंगरावरून आलेल्या तोफगोळ्यानं गेला होता, दारात, हातात बादली असताना. गोळा कोणी डागला ते तिला माहीत नव्हतं. तिनं कधी विचारलंही नव्हतं.

दोन बस बदलून ती द्र्वारला पोचली. दुकान म्हणजे एक पत्र्याची शेड. आत पन्नाशीकडे झुकलेला, पाठीत वाकलेला माणूस करवतीचे दात घासत होता. त्यानं वर पाहिलं, आणि करवत हातातून खाली ठेवली.

“मांदाताई?”

“घाबरू नकोस. मी माफ करायला आलेली नाही.”

“मग कशाला आलीस?”

“आठवायला लावायला.” तिनं फोटो त्याच्या पुढ्यात टाकला. गोयकोनं हात पुसले नाहीत, फोटोला शिवलाही नाही. नुसता बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून तिला कळलं की त्यानं रेघ ओळखली.

“मी नाही येणार,” तो म्हणाला. “तिथे पाय ठेवला तर मला धरतील. नाही धरलं तर मारतील.”

“धरणार नाहीत. सांगणाऱ्याचं नावसुद्धा विचारत नाहीत, हे केंद्राचं पत्र. मारायचं म्हणशील, तर ते मी कसं सांगू? शिव्या तर नक्की मिळतील. थुंकतीलही.”

“आणि तरी ये म्हणतेस?”

“तू सुरुंग पुरलेस तेव्हा तुला कोणी बंदुकीनं ढकललं असेल, नसेल. मला माहीत नाही. आज कोणी ढकलत नाहीये. आज स्वतःच्या पायानं चल.”

“मला सगळं आठवत नाही, ताई. बर्फ होतं. चोवीस तास जागे असायचो.”

“जेवढं आठवतं तेवढं सांग. एका सुरुंगाचं आठवलं तरी एक पाय वाचला.”

गोयकोनं पुन्हा करवत उचलली आणि घासू लागला. मांदा शेडमधल्या उलट्या टोपलीवर बसली. गिऱ्हाईकं आली, गेली. कोणी विचारलं, ही कोण? तर गोयको म्हणाला, “गावची.” दुपारी त्यानं भाकरीचा तुकडा आणि कांदा तिच्यापुढे ठेवला, तिनं खाल्ला. चार वाजता त्यानं शटर ओढलं.

“परतीची बस किती वाजता?” त्यानं विचारलं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता ती दोघं लिपोव दोलच्या थांब्यावर उतरली. बातमी आधीच पोचली होती. दुकानासमोर पंचवीस-तीस माणसं. मांदा पुढे, गोयको मागे. कोणीतरी लढाईच्या दिवसांतली शिवी दिली. एक म्हातारा थुंकला, थुंकी गोयकोच्या बुटावर पडली. योसो रस्त्याच्या मधे उभा राहिला.

“याला गावात आणलंस, काकू? स्तिपेकाकांच्या मारेकऱ्याला?”

“स्तिपे माझा नवरा होता, तुझा नव्हे,” मांदा म्हणाली. “त्याच्या नावानं ओरडायचा हक्क माझा, आणि मी आज ओरडत नाहीये. हा माणूस तुझी करवत कुठे चालवायची आणि कुठे नाही ते सांगायला आलाय. मारायचं असेल तर सांगून झाल्यावर मार. आधी ऐकून तर घे, मूर्खा.”

योसो हलला नाही. मांदाही हलली नाही. शेवटी योसोनं मान फिरवली आणि एक पाऊल बाजूला झाला, जेमतेम एका माणसाला जाता येईल इतकंच.

पंचायतीत तिहानानं मोठा फोटो टेबलावर पसरला. विंको हाताची घडी घालून भिंतीला टेकला. गोयकोनं पेन्सिल घेतली. आधी त्यानं टोकानं पाणचक्की शोधली. मग वर सरकला.

“हा मधला डाग, इथे आमची चूल होती. हा मोर्चा. इथून खंदकाच्या पुढे, खालच्या अंगाला, वीस पावलांवर पहिली ओळ. या दगडापासून चक्कीपर्यंत. तीस असतील, चाळीस असतील. बर्फात पुरले, बर्फ वितळल्यावर सरकले असतील.” पेन्सिल नव्या लाकूडतोडीच्या रस्त्यावरून आडवी गेली. विंकोची हाताची घडी सुटली. खोलीच्या दारात योसो उभा होता, त्याला पहिल्या दिवशी जिथे झाड पाडायचं होतं ती जागा त्यानं ओळखली.

मांदाच्या छातीतून दहा वर्षांचा श्वास सुटला. “आणि कुरण? सांग यांना. कुरणात काही नाही.”

गोयकोनं पेन्सिल कागदावरून उचलली नाही.

“ताई, कुरणातपण आहेत. खालच्या कोपऱ्यात, ओढ्याच्या वळणावर. पाण्याला येणाऱ्यांसाठी. चार. वर काही नाही. पण तिथे चार.”

ओढ्याचं वळण म्हणजे जिथे ती कपडे धुवायची त्याच्या समोरचा काठ. तीन पावलांचं पाणी मधे. तिला माहीत होतं की कुरण स्वच्छ आहे. ती दहा वर्षं सगळ्यांना तोंड वर करून सांगत होती. पाटीला न जुमानता दर जूनला ती वरची पट्टी कापायची, आणि यंदा ती कोपऱ्यापर्यंत जाणार होती, कोण अडवतं बघते म्हणून. ती खुर्चीत बसली.

विंकोनं तिच्याकडे पाहिलं. त्याला बोलायची संधी होती, आणि ओठही हलले, पण त्यानं तोंड मिटून घेतलं.

“मग तेही लिहा,” मांदा म्हणाली. “काय बघताय माझ्याकडे? माझं कुरण म्हणून पेन्सिल थांबते की काय? चारही लिहा.”

तिहानानं लिहिलं. वरचा मोठा भाग मोकळा, खालचा कोपरा धोक्याचा, रान पूर्ण बंद. या वेळी तिनं प्रत्येक शब्द मोठ्यानं वाचला आणि प्रत्येक पानावर सही केली.

गोयको दुपारच्या बसनं परत गेला. थांब्यापर्यंत मांदाच त्याच्याबरोबर चालली. त्यानं एकदा तोंड उघडलं, “ताई, स्तिपेदादाचं...” तिनं हात वर केला. “नको. आज नको.” बस आली, तो चढला.

मेमध्ये कंत्राटदार परत गेला. वीस घरांनी मांदाशी बोलणं टाकलं. दुकानात ती शिरली की गप्पा थांबत. ती तितकाच वेळ जास्त थांबे, मीठ निवडत, मुद्दाम. जूनमध्ये सुरुंग काढणारी पथकं आली, चिलखतं, कुत्री, लांब सळया घेऊन. झुडपं तोडायला त्यांनी गावातली नऊ माणसं लावली, वीस नव्हे. योसो त्यात होता. सप्टेंबरपर्यंत रानातून सदतीस निघाले, बहुतेक पेन्सिलीच्या रेघेवर, काही उतारानं घसरलेले. दोन तर नव्या रस्त्याच्या चाकोरीत, बोटभर मातीखाली. कुरणाच्या कोपऱ्यातून तीन निघाले. चौथा सापडला नाही, म्हणून कोपरा अजून पिवळ्या पट्टीआड आहे.

विंकोनं नवा रस्ता डोंगराच्या दुसऱ्या अंगानं नेण्याचा अर्ज दिला. मांदाला तो अजून नमस्कार करत नाही. अर्जात मात्र त्यानं आधीच लिहून टाकलंय, की हेलिकॉप्टर एप्रिलमध्ये यावं.

गवताची दुसरी कापणी चालू होती. मांदा लांब दांड्याचा विळा फिरवत पिवळ्या पट्टीपर्यंत आली, एक वीत अलीकडे थांबली, वळली. अंगणातून शेजारणीची हाक आली, फोन आहे, परदेशातून. ती विळा खांद्यावर टाकून चालत गेली.

“ताई, मी,” गोयको म्हणाला. “झोप येत नाही. आणखी दोन आठवलेत. वाडीच्या विहिरीपाशी.”

मांदानं शेजारणीच्या टेबलावरून पेन्सिल ओढली, कॅलेंडरचं पान उलटं केलं.

“सावकाश सांग,” ती म्हणाली. “विहिरीच्या कुठल्या बाजूला?”